पाहुण्या गायिकेचा आवाज ट्रॅकवर बसत नाही: स्केल, फाइली आणि क्रेडिट

जोडवाद्य (धागाकर्ते)

नमस्कार. संगीत आम्हा दोघांचं आणि आवाज पाहुण्या गायिकेचा, अशा एका मराठी डान्स-पॉप गाण्याबद्दल विचारायचं आहे. ट्रॅक हाऊसच्या अंगाचा आहे. १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ ठोके), एफ मायनर, लांबी ३ मिनिटं २० सेकंद, मांडणी पूर्ण. हुकची (परत परत येणाऱ्या मुख्य ओळीची) चाल सिंथवर बसवली आहे आणि तिचा सगळ्यात वरचा सूर ई फ्लॅट ५ आहे. गायिका सुगम संगीत गाणारी आहे, स्वर काळी चार. ती दुसऱ्या शहरात राहते आणि घरीच रेकॉर्ड करून फाइली पाठवते.

अडलेल्या गोष्टी अशा:

हुकमध्ये आवाज ताणलेला लागतो, जवळजवळ ओरडल्यासारखा. तीच गायिका अंतऱ्यात फार गोड लागते.

पहिल्या टेकची (एका सलग गायलेल्या रेकॉर्डिंगची) फाइल आमच्या सॉफ्टवेअरच्या सेशनमध्ये टाकली तर ती संथ चालते आणि सूरही खाली जातो, साधारण दीड सेमीटोन. फाइलची लांबी ३ मिनिटं ३८ सेकंद दिसते. दुसरा टेक एमपीथ्रीमध्ये आला. त्याचा वेग बरोबर आहे, पण आवाज सतत किंचित मागे वाटतो.

ऑटोट्यून लावला की मींड तुटते, नाही लावला तर कोरसच्या थरांमध्ये सूर भांडतात.

शेवटचं म्हणजे, अंतऱ्याची चाल आणि दोन ओळी तिनेच बदलल्या आहेत. नावात ‘फीचरिंग’ लिहिलं की पुरे, की तिचा वाटा वेगळा धरायचा?

---

मंद्रसप्तक

पहिल्या अडचणीचं मूळ मांडणीच्या क्रमात आहे. ट्रॅक आधी पूर्ण झाला आणि गळा नंतर आला. डान्स-पॉपमध्ये हे फार होतं, कारण निर्माता स्केल निवडतो ते सब-बेसच्या (अगदी खालच्या बेसच्या) सोयीने. एफ मायनर आवडतं याचं कारण खालचा एफ ४३.७ हर्ट्झवर येतो. क्लबच्या सबवर तो भरगच्च वाजतो. गायिकेच्या गळ्याचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो.

आता तिच्या बाजूने बघा. काळी चार म्हणजे सा जी शार्पवर. तिथून मोजलं तर तुमचा ई फ्लॅट ५ म्हणजे काळी दोन, म्हणजे तिचा तार पंचम. ख्यालात तार पंचमाला गायक तयारी करून जातो, तिथे क्षणभर थांबतो आणि उतरतो. तुम्ही तोच सूर हुकमध्ये दर चार बारला (एक बार म्हणजे चार मात्रा) मागताय, तोही पूर्ण शब्दासकट, जोरात. आवाज चिरकणारच. यात तिच्या तयारीची कसलीही उणीव नाही.

दुसरा गैरसमजही होतो तो इथेच सांगतो. ‘माझी काळी चार’ याचा अर्थ तिचा सा कुठे सुखाने लागतो एवढाच. गाणं जी शार्प मायनरमध्येच हवं असा तो आदेश नाही. स्केल ठरतं ते चालीतल्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सुरावरून. तिच्याकडून दोन सूर मागून घ्या: ज्यावर ‘आ’ आणि ‘ई’ दोन्ही न ताणता चार मात्रा धरता येतात तो वरचा सूर, आणि ज्याच्या खाली शब्द हवेत विरतात तो खालचा सूर. ‘ई’ मुद्दाम तपासायची. वर जाताना ‘आ’ उघडा राहतो, ‘ई’ आवळते. हुकमधला वरच्या सुराचा शब्द ‘मी’ किंवा ‘ही’ असेल तर मर्यादा अर्ध्या-एक सुराने आणखी खाली येते.

तुमच्या बाबतीत मी चार सेमीटोन खाली, सी शार्प मायनरला जाईन. हुकचा वरचा सूर बी ४ होतो, म्हणजे तिचा तार कोमल गंधार. तिथे सुगमच्या गळ्यात धार असते आणि ताण नसतो. अंतरा किती खाली जातो ते मात्र लगेच तपासा. ई ३ च्या खाली शब्द जात असतील तर अंतऱ्याची ती ओळ वर वळवा, सगळं स्केल परत हलवू नका.

यावर तुम्ही म्हणाल की सी शार्पचा सब ३४.६ हर्ट्झवर जातो. जातो, आणि बहुतेक स्पीकरवर तो ऐकूच येणार नाही. म्हणून बेसला मूळ सुरावर खाली उतरवायचंच नाही. कॉर्ड सी शार्प मायनर, ए, ई, बी अशा क्रमाने धरल्या तर बेस असा लिहा: पहिल्या बारला वरचा सी शार्प, ६९.३ हर्ट्झ. मग ए, ५५ हर्ट्झ. मग ई, ४१.२. मग बी, ६१.७. वजन दुसऱ्या आणि तिसऱ्या बारमध्ये पडतं, आणि पहिल्या बारमध्ये खालची जागा किक (ड्रमचा खालचा ठोका) भरून काढते. किक ५२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जी शार्पवर लावून घ्या.

स्केल बदलताना मिडी (सुरांची नोंद) हलवा, बाउन्स केलेला (आवाजाची फाइल म्हणून काढलेला) ऑडिओ हलवू नका. चार सेमीटोन ऑडिओ खाली ओढला की पॅडचा वरचा उजेड जातो आणि स्टॅब चिखलासारखे वाजतात. ड्रमचे सँपल जसेच्या तसे ठेवा, फक्त सुरात लावलेले टॉम, किक आणि रायझर परत जुळवा. सिंथच्या फिल्टरला की-ट्रॅकिंग (सुराबरोबर कटऑफ आपोआप हलणं) नसेल तर कटऑफही हाताने थोडा खाली घ्यावा लागतो, नाहीतर तेच पॅच अचानक कर्कश वाटतं.

या बाबतीत अभ्यासाला उत्तम जोडी म्हणजे डिस्क्लोजर, इंग्लंडमधल्या रायगेटचे गाय आणि हॉवर्ड लॉरेन्स हे भाऊ. २०१३ च्या ‘सेटल’ या एकाच अल्बमवर सॅम स्मिथ, जेसी वेअर, जेमी वून, एलायझा डूलिटल, लंडन ग्रामर, अलुनाजॉर्ज असे किती वेगवेगळे गळे आहेत. बेसचा पोत, कॉर्डचं रंगकाम आणि हॅटची चाल जोडीची राहते, पण आवाजाच्या भोवतीची जागा दर गाण्यात वेगळी कापलेली आहे. त्यातलं ‘लॅच’ सॅम स्मिथने पुढे स्वतःच्या २०१४ च्या अल्बमवर जवळजवळ उघड्या साथीवर परत गायलं, आणि ते उभं राहतं. हीच कसोटी तुमच्या हुकला लावा: किक, बेस, साइडचेन (किकच्या ठोक्याला बाकीचे आवाज दाबणारी जोडणी) सगळं बंद, फक्त पियानो किंवा पेटी आणि तिचा आवाज. तिथे चाल लंगडत असेल तर ट्रॅक तिला वाचवणार नाही.

---

फाइलवाला

दुसऱ्या अडचणीचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ३ मिनिटं २० सेकंद म्हणजे २०० सेकंद. २०० ला ४८ ने गुणून ४४.१ ने भागा: २१७.७ सेकंद, म्हणजे तुमचे ३ मिनिटं ३८ सेकंद. तिने ४८ किलोहर्ट्झच्या सँपल रेटवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) रेकॉर्ड केलं आहे आणि तुमचं सेशन ती फाइल ४४.१ समजून वाजवतंय. वेग १२४ वरून ११३.९ वर येतो आणि सूर सुमारे १.४७ सेमीटोन उतरतो. तुम्हाला ऐकू आलेला ‘दीड’ तोच.

यावर टाइम-स्ट्रेच आणि पिच-शिफ्ट लावून दुरुस्ती करू नका. आवाज उगाच घासला जातो. फाइल ४८ ची आहे असं सॉफ्टवेअरला सांगून परत आयात करा, की रूपांतर नीट होतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना ‘सेशनच्या सँपल रेटमध्ये बदला’ अशी खूण असते, ती राहून गेलेली असणार.

एमपीथ्रीचं मागे पडणं वेगळं. एमपीथ्री बनवताना आणि उलगडताना सुरुवातीला थोडी रिकामी जागा चिकटते, सर्वसाधारण एन्कोडरमध्ये ११०५ सँपलच्या घरात, म्हणजे ४४.१ वर सुमारे २५ मिलिसेकंद. १२४ बीपीएमला सोळावा भाग १२१ मिलिसेकंदांचा असतो. २५ म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा, त्यामुळे ‘चुकलंय’ असं म्हणवत नाही पण ‘आळसावलंय’ असं वाटत राहतं. फाइल तेवढी डावीकडे, म्हणजे आधी सुरू होईल अशी ओढलीत तर हा टेक वेळेला बसेल, पण अंतिम कामाला एमपीथ्री वापरू नका. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेलंही नको. डब्ल्यूएव्ही फाइली झिप करून ड्राइव्हवर टाका.

आता पुढच्या खेपेसाठी. गायिकेला तुमचा अंतिम मिक्स पाठवणं ही सगळ्यांत मोठी चूक. साइडचेनमुळे पॅड दर मात्रेला दबतो, म्हणजे ज्याच्या आधाराने सूर लावायचा तोच आधार सेकंदातून दोनदा नाहीसा होतो. वर सब-बेस हेडफोनमध्ये गढूळ. मग गायिका सूर चाचपडते आणि दोष तिच्यावर येतो. तिच्यासाठी वेगळा मिक्स काढा: साइडचेन बंद, सब बंद, किक ६ डीबी खाली, पॅड आणि पियानो वर, लीड सिंथ म्यूट.

पाठवायचा संच असा:

१. गायनासाठीचा मिक्स, डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सुरुवातीला दोन बार क्लिक, त्यानंतर गाणं.
२. फक्त क्लिक, तेवढ्याच लांबीची फाइल.
३. चाल फक्त पियानोवर, वेगळी फाइल. ती ऐकून शिकायची आणि टेक घेताना बंद ठेवायची. नाहीतर पियानो हेडफोनमधून माइकमध्ये झिरपतो आणि नंतर काढता येत नाही.
४. शब्दांचा कागद. प्रत्येक ओळीपुढे बारचा क्रमांक आणि श्वासाची खूण.

सगळ्या फाइलींची सुरुवात एकाच बिंदूपासून हवी. तिच्याकडून येणारी प्रत्येक फाइलही तिथूनच सुरू झाली पाहिजे, मग ती ओळ गाण्याच्या शेवटी एकदाच असली तरी. कापून पाठवलेले तुकडे जुळवण्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि तरी एखादी अॅडलिब (मोकळेपणाने घातलेली हरकत) चुकीच्या जागी बसते.

रेकॉर्डिंग: माइकपासून तोंड १५ ते २० सेंटीमीटर, मध्ये पॉप फिल्टर. गोधडी किंवा रजई गायिकेच्या पाठीमागे लावायची. माइकच्या मागे लावून फारसा उपयोग नाही, कारण कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि त्याच्या समोर गायिका आणि तिच्या मागची भिंत असते. पंखा, फ्रिज बंद. शिखर −१० डीबीच्या आसपास राहू दे. २४ बिटमध्ये आवाज लहान ठेवल्याने काही बिघडत नाही, क्लिप झालेला मात्र परत मिळत नाही.

इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटरमधून न जाता स्वतःचा आवाज थेट ऐकू येणं) असेल तर तेच वापरायला सांगा. नसेल तर बफर ६४ किंवा १२८ सँपल. स्वतःचा आवाज जाऊन परत येण्यात १० मिलिसेकंदांच्या वर वेळ गेला की गळा नकळत थबकत गातो, आणि ब्लूटूथ हेडफोनवर तर टेक घेऊच नये.

मागवायचं काय: लीडचे (मुख्य आवाजाचे) चार पूर्ण टेक. हुकसाठी दोन डबल (लीडच्या जोडीला तीच ओळ), तेही खरोखर परत गायलेले, कॉपी-पेस्ट नाही. वरच्या आणि खालच्या हार्मनीचे प्रत्येकी दोन. अॅडलिबचा एक मोकळा टेक. शेवटी खोलीच्या शांततेचे दहा सेकंद. ट्यूनिंग, नॉइज रिडक्शन, रिव्हर्ब काहीही न लावता, मोनोमध्ये. तिला स्वतःचा रिव्हर्ब फार आवडत असेल तर तो लावलेली एक प्रत वेगळी पाठवू दे, नमुना म्हणून. फाइलच्या नावात वेग, स्केल, भाग आणि टेक क्रमांक हवाच.

---

ठेका_आणि_काना

वरचे दोन्ही प्रतिसाद पाळलेत तर तिसरी अडचण अर्धी तिथेच संपेल. उरलेल्या अर्ध्याबद्दल.

आधी वेळ. आवाज ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांवर) बसवताना फाइलमधल्या शब्दाची सुरुवात ठोक्यावर आणतात, आणि तिथेच गाणं लाकडी होतं. ठोक्यावर यायला हवा तो स्वर, व्यंजन नव्हे. ‘सांज’ शब्द घ्या. ‘स’चा फुत्कार ठोक्याच्या आधी सुरू होतो आणि ‘आं’ ठोक्यावर उघडतो. फाइलमध्ये ‘स’ची सुरुवात ठोक्यावर ओढलीत तर स्वर ८० ते १०० मिलिसेकंद उशिरा येतो. ‘प’, ‘त’, ‘क’ आखूड असतात, तिथे फरक थोडा. ‘श’, ‘स’, ‘छ’ लांब असतात, तिथे फार. म्हणून एकाच हिशेबाने सगळे शब्द क्वांटाइज करू (ग्रिडवर ओढू) नका. ओळीचा पहिला स्वर आणि हुकमधला जोराचा स्वर, एवढे दोन जागेवर आणा. बाकी तिच्या लयीवर सोडा.

मराठीची दुसरी गोष्ट म्हणजे महाप्राण. ‘भ’, ‘फ’, ‘ध’, ‘घ’ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो. ८० ते १०० हर्ट्झच्या हाय-पासने (त्याखालचा भाग कापणाऱ्या फिल्टरने) धडक कमी होते, पण खरा उपाय रेकॉर्डिंगच्या वेळचा: माइक तोंडासमोर सरळ न ठेवता किंचित बाजूला वळवायचा. ‘च’ आणि ‘ज’ दोन तऱ्हांचे. ‘चांदणं’मधल्या ‘च’त ‘स’ची धार असते, ती वरच्या पट्ट्यात, ६ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास टोचते. ‘चंद्र’मधला ‘च’ ‘श’च्या अंगाने जातो आणि खाली ३ ते ५ च्या दरम्यान बोचतो. डी-एसर (‘स’ची धार दाबणारं साधन) एकाच पट्ट्यावर लावून ठेवला की एक दबतो आणि दुसरा तसाच राहतो. तेवढ्या चार-सहा जागा हाताने २-३ डीबी खाली घेतलेल्या केव्हाही चांगल्या.

ऑटोट्यून. मींड तुटते कारण रीट्यूनचा वेग (सूर जागेवर ओढायला लागणारा वेळ) शून्याजवळ आहे आणि स्केल मायनर निवडलेलं आहे. सरकता सूर मग स्केलमधल्या सुरांवर पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. डाफ्ट पंक या जोडीच्या २००० सालच्या ‘वन मोअर टाइम’मध्ये गायक रोमँथनीच्या आवाजावर या पायऱ्या मुद्दाम ठेवल्या आहेत, तिथे तो एक वाद्यासारखा रंग आहे. तुम्हाला तो हवा असेल तर हुकमध्ये उघडपणे वापरा आणि अंतऱ्यात अजिबात वापरू नका. अधलंमधलं ठेवलं की चूक झाल्यासारखं ऐकू येतं.

नको असेल तर असं करा. लीडवर वेग २५ ते ४० मिलिसेकंद, आणि मींड-मुरकीच्या जागी ऑटोमेशनने बंद. त्या जागा ग्राफिकल पद्धतीने बघा. बहुतेक वेळा मींडीचं फक्त शेवटचं टेकणं खाली राहिलेलं असतं. तेवढा शेवटचा सूर उचलला की वाट सुंदर राहते. डबल आणि हार्मनीवर मात्र वेग १० पर्यंत कडक चालतो, कारण ते मागे बसणार आहेत आणि तिथे मींड नकोच. कोरसमध्ये सूर भांडण्याचं खरं कारण हेच असतं: प्रत्येक थरात मुरकी आहे आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. थरांना सरळ सूर गायला सांगा, हरकत फक्त लीडला. डबलमधले शब्दांच्या शेवटचे ‘त’, ‘क’, ‘स’ कापून टाका, नाहीतर एका ‘त’चे पाच ‘त’ टपटपतात.

मिक्समध्ये जागा करायची ती आवाजाला मोठं करून नव्हे. हुकचा लीड सिंथ आणि आवाज दोघंही १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये बोलत असतील तर एकाने गप्प बसावं. ती गात असताना सिंथ बंद, ती श्वास घेते तेव्हा सिंथचं उत्तर. पॅडला आवाजाच्या साइडचेनने २ डीबी दाबा. किकच्या साइडचेनवर आवाज कधीच लावू नका, शब्द पंप होतात. कॉम्प्रेशन दोन टप्प्यांत: पहिला जलद, ४:१, फक्त टोकं ३-४ डीबी. दुसरा संथ, २:१, २-३ डीबी. एकाच कॉम्प्रेसरकडून १० डीबी काढून घेतले की श्वास शब्दाएवढे मोठे होतात. डिलेसाठी १२४ ला ठिपकेवाला आठवा ३६३ मिलिसेकंद. रिव्हर्बला ३० मिलिसेकंदांचा प्रीडिले द्या, म्हणजे शब्द पुढे राहतो आणि खोली मागे.

ड्रॉपसाठी (ठेका पूर्ण जोराने उसळतो त्या भागासाठी) आवाजाचे तुकडे कापणार असाल तर ‘आ’, ‘ओ’, ‘ए’ यांवरचे घ्या. ‘ळ’ असलेला तुकडा कापला की जिभेचा टक् आवाज तेवढा पुढे येतो. हा दोष अनेकदा क्लिक समजून शोधत बसतात.

---

करारमदार

चौथ्या प्रश्नाकडे कोणी आलं नाही, म्हणून सविस्तर.

‘फीचरिंग’ हे नाव छापण्याची पद्धत आहे, हक्कांचं उत्तर नव्हे. तुमच्या गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. एक रचना: शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. गायिका गायली म्हणून तिचा कलाकार म्हणून हक्क आहे, आणि अंतऱ्याची चाल व दोन ओळी तिच्या आहेत म्हणून ती रचनेतही सहभागी आहे. दोन्ही वेगवेगळे लिहा.

लिहिलं नाही तर काय होतं याची उदाहरणं याच प्रांतातली आहेत. रॉबर्ट क्लिव्हिलेस आणि डेव्हिड कोल या निर्मात्यांच्या जोडीचं सी अँड सी म्युझिक फॅक्टरी. १९९० च्या त्यांच्या सगळ्यांत गाजलेल्या गाण्यात ‘एव्हरीबडी डान्स नाऊ’ ही दणदणीत हाक मार्था वॉश यांची आहे. व्हिडिओत मात्र ओठ हलवताना दिसल्या झेल्मा डेव्हिस. वॉश कोर्टात गेल्या. तडजोडीनंतर त्या व्हिडिओवर गायन मार्था वॉश आणि ‘व्हिज्युअलायझेशन’ झेल्मा डेव्हिस अशी ओळ आली. आवाज एकीचा आणि चेहरा दुसरीचा ही त्या काळातल्या डान्स संगीतातली सर्रास चाल होती, आणि गाण्याची ओळखच असलेला आवाज निनावी राहत होता. हा अन्याय होता, सोय नव्हे. तुमच्या व्हिडिओत दुसरी कोणी दिसणार असेल तर गायिकेचं नाव पडद्यावर येईल हे आधीच कागदावर घ्या.

दुसरं उदाहरण द चेनस्मोकर्स या जोडीचं. गायिका हॅल्सीबरोबरच्या २०१६ च्या ‘क्लोजर’ला पुढे द फ्रे या बँडच्या आयझॅक स्लेड आणि जो किंग यांची नावं सहलेखक म्हणून जोडली गेली, कारण चाल त्यांच्या जुन्या गाण्याशी जुळत होती. म्हणून पाहुण्या गायिकेने आणलेली चाल तिला सुचली कुठून हे मोकळेपणाने विचारा. एखाद्या भावगीताची ओळ नकळत आलेली असू शकते.

आपल्याकडचा कायदा गायकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलाकाराला व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क आहे, आणि आपलं नाव लावून घेण्याचा नैतिक हक्कही आहे. कलाकाराच्या हक्काची मुदत ५० वर्षं. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जगभरच्या प्लॅटफॉर्मवर गाणं टाकणाऱ्याने या दोन रिकाम्या जागा सोडूच नयेत.

कागदावर घ्यायच्या गोष्टी:

रचनेतले हिस्से, शंभरात. शब्द कोणाचे, चाल कोणाची हे आधी वेगळं काढा आणि मग टक्के. तिघांनी समान धरायचं ठरलं तर ३४, ३३, ३३ असंच लिहा. ‘समान’ या शब्दावर काही नोंदणी फॉर्म भरत नाहीत.

मास्टरमधला मोबदला. एकरकमी मानधन, की खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नाचा हिस्सा, की दोन्ही. ‘खर्च’ म्हणजे काय तेही लिहा, कारण भांडण तिथेच होतं. मिक्स, मास्टरिंग, कव्हर, जाहिरात यांतलं काय धरायचं?

वापर. रिमिक्स, आवाजाचे तुकडे, जाहिरात, रंगमंचावर तिच्या गैरहजेरीत तिचा आवाज वाजवणं, यातल्या प्रत्येकाला हो किंवा नाही. आणि तिच्या रेकॉर्डिंगवरून आवाजाचं एआय मॉडेल बनवायचं नाही, हे एक स्वतंत्र वाक्य.

नोंदणी: गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था), गायिका म्हणून इसाम्रा (गायक-वादकांची तशीच संस्था; नाव बदलण्याआधी ती इस्रा होती, जुन्या कागदांवर तसंच दिसेल). दोन्ही संस्था वेगळ्या, एकीत नाव घातलं म्हणजे दुसरीत होत नाही. आयएसआरसी हा १२ अक्षरांचा क्रमांक ध्वनिमुद्रणाला मिळतो. रेडिओ एडिट, एक्स्टेंडेड, इन्स्ट्रुमेंटल प्रत्येकाला वेगळा. डिस्ट्रिब्युटर तो सहसा देतो.

आणि अपलोडचा फॉर्म भरताना ‘फीचरिंग’ गाण्याच्या नावात टाइप करू नका. कलाकाराच्या रकान्यात तिचं नाव टाकून भूमिका ‘फीचर्ड’ निवडा आणि तिच्या स्वतःच्या प्रोफाइलची लिंक जोडा. लिंक नसली की गाणं त्याच नावाच्या भलत्याच गायिकेच्या पानावर जाऊन बसतं. तिचा सहभाग तुमच्याइतकाच असेल तर दोघांनाही ‘प्रायमरी’ ठेवा. मला विचाराल तर इथे तेच योग्य आहे, कारण तिने चाल घातली आहे.

---

जोडवाद्य (धागाकर्ते)

फार मोलाचं आहे हे सगळं. फाइल ४८ म्हणून परत आयात केली, लांबी बरोबर ३:२० आली आणि सूरही जुळला. सी शार्प मायनरमध्ये मिडी हलवून किक ५२ वर घेतली आहे. अंतऱ्यातला खालचा सूर एफ शार्प ३ येतो, तो तिला चालतो.

एक उपप्रश्न. कार्यक्रमात ती नेहमी येऊ शकणार नाही. त्यासाठी आत्ताच काय काढून ठेवावं?

---

फाइलवाला

मिक्स संपला त्याच दिवशी, प्रोजेक्ट बंद करण्याआधी हे काढा. सहा महिन्यांनी प्लगइन उघडत नाहीत.

पूर्ण मिक्स. लीडशिवायचा मिक्स, पण हार्मनी आणि अॅडलिब ठेवून, म्हणजे ती आली तर यावर गाईल. आवाजच नसलेला इन्स्ट्रुमेंटल. फक्त आवाज, इफेक्टसकट. फक्त आवाज, कोरडा. त्याशिवाय ड्रम, बेस, सिंथ, मागचे आवाज आणि क्लिक असे पाच स्टेम (गटागटाने काढलेल्या फाइली), सगळे एकाच बिंदूपासून, मास्टर लिमिटर काढून. लिमिटर ठेवून काढलेले स्टेम परत एकत्र केले की मूळ मिक्ससारखे वाजत नाहीत, कारण प्रत्येक स्टेम एकटा असताना लिमिटर वेगळं वागतो.

डीजेसाठी एक्स्टेंडेडमध्ये सुरुवातीला ३२ बार आवाजाशिवाय ठेवा. १२४ ला ते ६२ सेकंद होतात. पहिले १६ बार फक्त ड्रम, पुढच्या १६ मध्ये बेस. आवाजाचा एकही तुकडा तिथे नको, आधीच्या गाण्याच्या आवाजावर तो आदळतो.

---

मंद्रसप्तक

तिच्याऐवजी दुसरी गायिका उभी राहणार असेल तर स्टेम पिच-शिफ्ट करण्याचा मोह टाळा. त्या नव्या गायिकेचे वरचे-खालचे सूर आधी घ्या आणि प्रोजेक्टमधून तिच्या स्केलचा वेगळा संच मिडीवरून काढा. मागच्या आवाजांच्या थरांचं मात्र तसं होणार नाही. एक सेमीटोनपर्यंत ते हलवून चालतात, त्यापुढे दुसऱ्या गायिकेकडून परत गाऊन घ्या.

आणि तुमच्या दोघांपैकी कोणी गात असेल तर त्याचाही विचार करा. डिस्क्लोजरच्या काही गाण्यांत हॉवर्ड स्वतः गातो. त्यातल्या एकावर, ‘एफ फॉर यू’वर, २०१४ मध्ये मेरी जे. ब्लाइजच्या आवाजासह दुसरी आवृत्ती आली. पेट शॉप बॉइज या जोडीने १९८७ मध्ये गायिका डस्टी स्प्रिंगफिल्डबरोबर केलं ते त्याहून वेगळं: नील टेनंटचा बोलल्यासारखा सपाट आवाज अंतऱ्यात, आणि तिचा रुंद आवाज उघडतो तो वरच्या भागात. दोघांना एकच चाल दिलेली नाही. कार्यक्रमात अंतरा तुमच्यापैकी एकाने बोलल्यासारखा खाली घेतला आणि हुकला तुमच्या गायिकेचा रेकॉर्ड केलेला आवाज आला तरी ऐकणाऱ्याला ते उसनं वाटत नाही. फक्त तसं वाजवायची तिची परवानगी वरच्या कागदात आलेली हवी.